पाच चोर आणि पाण्याची मशक

मुलांनो, ‘शत्रू’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? सिनेमातला गडगडाटी हसणारा खलनायक? गोष्टीतला दाढांचा राक्षस? की तुमच्याच वर्गातला, तिसऱ्या बाकावरचा तो, ज्याच्याशी गेले पंधरा दिवस तुमची कट्टी आहे?

शत्रू म्हटला की लढाई आलीच. आणि लढाई म्हटली की ज्यांची नावं आपण आदरानं घेतो, त्यांत शीख लोक येतात. त्यांचा इतिहास शौर्यानं भरलेला आहे. अमृत घेतलेला शीख आपल्याजवळ कृपाण बाळगतो. पण गंमत अशी की, याच लोकांच्या रोजच्या प्रार्थनेचा शेवट सगळ्यांचं भलं मागून होतो. सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं! त्यातून शत्रूला वगळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, “बाई, हे कसं काय? कमरेला कृपाण आणि तोंडी शत्रूचंही भलं?” चला तर, आज हेच कोडं सोडवू या.

भीती नाही आणि वैरही नाही

शिखांचा पवित्र ग्रंथ म्हणजे गुरू ग्रंथ साहिब. त्याच्या अगदी सुरुवातीला मूलमंत्र आहे. त्यात परमेश्वर कसा आहे ते थोडक्या शब्दांत सांगितलंय. त्यातले दोन शब्द आपण नीट लक्षात ठेवू. एक ‘निरभउ’, म्हणजे ज्याला कुणाचं भय नाही. दुसरा ‘निरवैर’, म्हणजे ज्याचं कुणाशी वैर नाही. माणसानंही आपल्या परीनं तसं व्हायचा प्रयत्न करावा, अशी शिकवण आहे.

आता विचार करा हं. यातला एकच गुण असला तर काय होईल? ज्याला भीती नाही पण मनात वैर भरलंय, तो दादागिरी करू लागेल. आणि जो वैर करत नाही, पण केवळ घाबरतो म्हणून करत नाही, तो समोर अन्याय दिसला तरी खाली मान घालून निघून जाईल. म्हणून दोन्ही गुण एकदम हवेत. कठीण आहे ना? आहेच! शीख गुरूंच्या चरित्रात हाच कठीण धडा पुन्हा पुन्हा दिसतो.

घरातले चोर

आपल्याकडे षड्रिपू म्हणतात, ते तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. षड्रिपू म्हणजे माणसाच्या मनातले सहा शत्रू. शीख परंपरेत पाच मोजतात आणि त्यांना चक्क ‘चोर’ म्हणतात. काम, क्रोध, लोभ, मोह आणि अहंकार हे ते पाच चोर. काम म्हणजे अनावर वासना. क्रोध म्हणजे राग. लोभ म्हणजे हाव. मोह म्हणजे ‘माझं, माझं’ म्हणून चिकटून बसणं. आणि अहंकार म्हणजे ‘मीच शहाणा’.

चोर का बरं म्हटलं असेल? मला वाटतं, शत्रू समोरून येतो, ढोल-नगारे वाजवत येतो. आपण सावध असतो. चोर मात्र आपण झोपेत असताना येतो आणि काय गेलं ते सकाळी कळतं. रागाचं तसंच नाही का? राग आलेला असतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपलंच बरोबर. मैत्री चोरीला गेली, हे दुसऱ्या दिवशी डबा एकट्यानं खाताना कळतं!

या पाचही चोरांना बळ मिळतं ते ‘हौमै’मधून. हौमै म्हणजे सारखं ‘मी, मी’ करणं. मग या चोरांशी लढायचं कशानं? इथे तलवार उपयोगाची नाही. इथली शस्त्रं वेगळी आहेत. देवाचं नामस्मरण, चांगल्या माणसांची संगत आणि सेवा. गुरुद्वाऱ्यात गेलात तर बघा, चांगले शिकलेसवरलेले, पैसेवाले लोक आलेल्यांचे जोडे पुसताना दिसतील, लंगरमध्ये खरकटी भांडी घासताना दिसतील. लंगर म्हणजे तिथलं सगळ्यांसाठीचं जेवण. श्रीमंत-गरीब, कुठल्याही जातिधर्माचा माणूस, सगळे एकाच पंगतीत. हा नुसता पोटोबा नाही बरं का, ‘मी मोठा’ या चोराला पकडायचा सापळा आहे!

खुद्द गुरू गोविंदसिंगांनी हे करून दाखवलं. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर इथं त्यांनी खालसा पंथाची स्थापना केली. शिर द्यायला तयार झालेल्या पाच जणांना त्यांनी अमृत दिलं. हेच ‘पंज प्यारे’. त्यांच्यात न्हावी होता, पाणी भरणारा होता. एक जण तर आपल्या नांदेडपासून फार लांब नसलेल्या बिदरचा होता. आणि मग गुरूंनी काय केलं? त्या पाचांपुढे हात जोडले आणि म्हणाले, आता तुम्ही मला अमृत द्या. गुरूच शिष्यांपुढे वाकले!

सज्जन नावाचा ठग

आता बाहेरच्या दुष्टाची गोष्ट. पहिले गुरू, नानकदेव यांच्याबद्दल ‘जनमसाखी’ नावाच्या कथा आहेत. त्यांत सज्जन नावाच्या एका ठगाची गोष्ट येते. हा वाटसरूंना गोड बोलून मुक्कामाला ठेवून घ्यायचा आणि रात्री लुटून मारायचा. नानकदेव आपल्या मर्दानासह त्याच्याकडे उतरले. हा मर्दाना रबाब वाजवायचा आणि तो मुसलमान घरातला होता. रात्री नानकदेव झोपायलाच गेले नाहीत. ते भजन गाऊ लागले. वरून चकचकीत आणि आतून काळ्या असलेल्या माणसाविषयी ते भजन होतं. दाराआड टपून बसलेल्या सज्जननं ते ऐकलं. हे आपल्याबद्दलच आहे हे त्याला कळलं आणि तो पायांवर पडला. लुटीचं धन त्यानं वाटून टाकलं आणि त्याच घराची धर्मशाळा झाली.

बघा, ठग संपला, पण माणूस मेला नाही! दुष्टाला संपवण्यापेक्षा दुष्टपणा संपवणं मोठं, असं ही गोष्ट सांगते.

मग तलवार कशाला?

माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगा पटकन उठून म्हणाला, “पण बाई, तो सुधारलाच नसता तर? त्यानं मारलंच असतं तर?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. सगळेच सज्जन सुधारत नाहीत. १६०६ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांना बादशहा जहांगीरच्या काळात लाहोरला छळ करून मारण्यात आलं. त्यांचे चिरंजीव हरगोविंद तेव्हा अकरा वर्षांचे होते. म्हणजे तुमच्यातल्या पाचवी-सहावीच्या मुलाएवढेच! ते गुरू झाले आणि त्यांनी दोन तलवारी धारण केल्या. एक ‘मीरी’ची, म्हणजे जगातल्या व्यवहाराची, अन्यायाला अडवण्याची. दुसरी ‘पीरी’ची, म्हणजे आत्म्याची, देवाची. अमृतसरला अकाल तख्ताजवळ आजही दोन उंच ध्वज शेजारी शेजारी उभे आहेत. एक मीरीचा, एक पीरीचा. त्यांतला पीरीचा ध्वज किंचित उंच आहे. का, ते ओळखा पाहू! बरोबर, तलवार हातात घेतली तरी तिच्यावर मनातल्या देवाचा ताबा हवा.

पुढे १६७५ मध्ये नववे गुरू तेगबहादूर यांनी दिल्लीत बलिदान केलं. कुणासाठी? काश्मिरी पंडित त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले होते, त्यांच्यासाठी. म्हणजे दुसऱ्यांना त्यांचा धर्म पाळता यावा म्हणून!

त्यांचे चिरंजीव गुरू गोविंदसिंग. त्यांना लढावंच लागलं. पण बाकीचे सगळे उपाय थकले तरच शस्त्राला हात घालायचा, हा विचार त्यांनी औरंगजेबाला लिहिलेल्या ‘जफरनामा’ या फारसी पत्रात मांडला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १६८८ च्या भंगाणीच्या लढाईत त्यांच्यावर चालून आलेले पहाडी राजे हिंदू होते आणि गुरूंच्या मदतीला आपल्या मुलांना घेऊन धावून आलेले पीर बुद्धूशाह मुसलमान होते. म्हणजे भांडण ‘या धर्माचा की त्या धर्माचा’ असं नव्हतं. ते जुलमाशी होतं.

भाई कन्हैया

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. आनंदपूरला वेढा पडला होता. रोज चकमकी व्हायच्या. रणांगणावर जखमी शिपाई पाण्यासाठी तळमळत पडलेले असायचे. त्यांच्यामधून एक माणूस खांद्यावर मशक घेऊन फिरायचा. मशक म्हणजे पाणी वाहायची कातड्याची पिशवी. त्याचं नाव भाई कन्हैया.

तो पाणी पाजताना हा आपला की परका, हे बघायचाच नाही. शीख सैनिक दिसला, पाज पाणी. मुघल शिपाई दिसला, पाज पाणी. पहाडी राजाचा माणूस दिसला, त्यालाही पाज. शीख सैनिक चिडले. चिडणारच! आम्ही जिवावर उदार होऊन यांना पाडायचं आणि हा त्यांना पाणी पाजून पुन्हा उभं करणार? ते तक्रार घेऊन गुरूंकडे गेले.

गुरूंनी कन्हैयाला बोलावून विचारलं, “हे म्हणतात ते खरं का?”

कन्हैयानं सांगितलं की, हो, खरं आहे. पण मला तिथं शत्रूही दिसत नाही आणि मित्रही दिसत नाही. ज्याच्या तोंडाला पाणी लावतो, त्याच्यात मला तुम्हीच दिसता.

सगळे श्वास रोखून उभे. गुरू रागावतील का? छे! गुरू प्रसन्न झाले. त्यांनी मलमाची डबी आणि पट्ट्या कन्हैयाच्या हातात दिल्या आणि सांगितलं, नुसतं पाणी नको, आता जखमांना मलमही लावत जा!

मुलांनो, इथं जरा थांबा. गुरूंनी लढाई थांबवली नाही. आनंदपूर वाचवायचंच होतं. पण हातातून शस्त्र गळालेला माणूस आता शत्रू उरला नाही, तो फक्त तहानलेला माणूस झाला. युरोपात सॉल्फेरिनोच्या रणांगणावर जखमींचे हाल पाहून हेन्री ड्युनांट यांना सेवेची कल्पना सुचली ती १८५९ मध्ये, आणि त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसचं काम सुरू झालं. भाई कन्हैयाची मशक त्याच्या दीडशे वर्षं आधीची!

शत्रूच्या दरबारातला आवाज

चांगुलपणा आपल्याच बाजूला असतो, असं मात्र समजू नका. आनंदपूर सोडल्यावर गुरूंची दोन धाकटी मुलं, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, सरहिंदचा सुभेदार वजीरखान याच्या हाती सापडली. अगदी प्राथमिक शाळेच्या वयाची मुलं. त्यांना ठार मारायचा हुकूम निघाला, तेव्हा दरबारात एक माणूस विरोधात उभा राहिला. मलेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान. हा काही गुरूंचा मित्र नव्हता, गुरूंच्या विरुद्ध तो लढलेला होता! तरी तो म्हणाला की, आपलं भांडण बापाशी आहे, या लेकरांचा काय गुन्हा? त्याचं कुणी ऐकलं नाही. मुलं वाचली नाहीत.

पण शिखांनी तो आवाज विसरला नाही. मलेरकोटल्यात त्या आवाजाची आठवण म्हणून गुरुद्वारा आहे. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी पंजाब पेटला होता, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं. तेव्हा मलेरकोटला मात्र शांत राहिलं. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी शत्रूच्या दरबारात उच्चारलेले दोन शब्द असे कामाला आले!

आपलं नांदेड, आपले नामदेव

चारही मुलगे गमावलेल्या माणसाच्या मनात केवढं वैर साठायला हवं होतं! पण गुरू गोविंदसिंग १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मुलाला, बहादूरशहाला, आग्र्याला भेटले. बापाचं वैर त्यांनी मुलाच्या खात्यावर मांडलं नाही. पुढे ते दक्षिणेत आले आणि १७०८ मध्ये गोदाकाठी नांदेडला त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी, यापुढे ग्रंथच तुमचा गुरू, असं त्यांनी सांगितलं. आज तिथं तख्त सचखंड श्री हजूर साहिब उभं आहे. त्या ग्रंथात आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत आणि मुसलमान संत शेख फरीदही आहेत. जुलमी राजवटीशी लढणाऱ्यांनी त्या राजवटीच्या धर्मातल्या संताची वाणी मस्तकी धरली. निर्वैर म्हणजे काय, ते यावरून कळतं.

करून पाहा

एका छोट्या वहीत पाच रकाने आखा. रोज झोपण्यापूर्वी आठवा, आज कुठला चोर येऊन गेला? राग? हाव? ‘मीच शहाणा’? त्या रकान्यात बारीक खूण करा. वही कुणाला दाखवू नका आणि दुसऱ्याचे चोर तर मुळीच मोजू नका!

आणि शाळेत कुणी लहानग्याला छळत असेल, तर गप्प बसू नका. “हे चालणार नाही,” असं ठणकावून सांगा, बाईंना किंवा सरांना बोलवा. ती झाली मीरी. पण तोच दांडगा मुलगा उद्या खेळताना पडला, गुडघा फुटला, तर पाण्याची बाटली घेऊन पहिले धावा. ती झाली पीरी.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल भांडून घरी आलं की आपण पटकन म्हणतो, “तूही द्यायची एक ठेवून!” नाहीतर म्हणतो, “जाऊ दे, आपल्याला काय करायचंय!” पहिल्यातून वैर शिकवलं जातं, दुसऱ्यातून भीती. त्याऐवजी एवढंच विचारून पाहा, “त्याचं काय चुकलं आणि तुझ्याकडून काय व्हायला हवं होतं?” उत्तर यायला वेळ लागेल. लागू दे. तोवर त्याला आधी प्यायला पाणी द्या.