दुसऱ्या प्रोग्रामला बांधून दिलेली शिदोरी

समजा, अमरावतीच्या राजापेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोंचं पीडीएफ करून देणारा छोटा प्रोग्राम आहे. खरं काम तो स्वतः करत नाही. फाइलचं नाव घेऊन 'इमेजमॅजिक' या चित्रांचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामला कामाला लावतो. कुणी फाइलला 'सातबारा बडनेरा' नाव दिलं की काम अडतं. मधल्या मोकळ्या जागेमुळे एका फाइलच्या दोन होतात, आणि दोन्ही सापडत नाहीत.

हा घोळ शेलचा, म्हणजे कमांडची ओळ वाचून ती चालवणाऱ्या प्रोग्रामचा. कमांड आणि फाइलचं नाव जोडून एक सलग ओळ केली आणि ती शेलच्या हवाली केली, की मोकळी जागा, अर्धविराम, डॉलर यांचा तो आपल्या परीनं अर्थ लावतो. नावात अर्धविराम आणि पुढे फाइली पुसण्याची कमांड असली, तर तीही मुकाट्यानं चालवतो. युनिक्समध्ये यावर जुनी सोय आहे. 'एक्झेक-व्ही-ई' या सिस्टिम कॉलला प्रोग्रामचं नाव, त्याला द्यायच्या शब्दांची यादी आणि एन्व्हायर्नमेंट वेगवेगळं द्यायचं असतं; मध्ये शेल येतच नाही. पायथॉनमध्ये 'सबप्रोसेस'ला यादी द्यावी, 'शेल=ट्रू' लिहू नये. धोक्याची चिन्हं शोधून काढत बसण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं. एखादं चिन्ह हमखास राहून जातं. नाव उणे चिन्हानं सुरू झालं तर मात्र यादीतही ते पर्याय म्हणून वाचलं जाऊ शकतं, म्हणून फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा.

एन्व्हायर्नमेंटकडे लक्ष जातं ते उशिरा. १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्समधला प्रत्येक प्रोग्राम आपल्या हाताखालच्याला व्हेरिएबलांची शिदोरी बांधून देतो; तीच एन्व्हायर्नमेंट. वेगळं सांगितलं नाही तर सगळीच्या सगळी नक्कल जाते, त्यात डेटाबेसचा पासवर्ड असला तरी.

२४ सप्टेंबर २०१४ला याच वाटेनं जग हादरलं. स्टेफान शाझला यांना 'बॅश' शेलमध्ये दोष सापडला होता: व्हेरिएबलमध्ये फंक्शनची व्याख्या असली, तर ती वाचून झाल्यावर बॅश पुढचा मजकूरही कमांड म्हणून चालवत असे. वेब सर्व्हर पान तयार करणारा 'सीजीआय' प्रोग्राम चालवताना पाहुण्याच्या ब्राउझरनं सांगितलेलं नाव व्हेरिएबलमध्येच भरून देतो. म्हणजे अनोळखी माणसानं लिहिलेला मजकूर थेट शेलपर्यंत! दोष १९८९पासूनचा होता. त्याला 'शेलशॉक' नाव पडलं, आणि पहिली दुरुस्तीही अपुरी निघाली.

एन्व्हायर्नमेंटमुळे होणाऱ्या घोळाचा आपल्याकडे एक निरुपद्रवी नमुना दिसतो. लिनक्सवर 'लँग' या व्हेरिएबलमध्ये मराठी निवडली की 'डेट' कमांड महिना मराठीत सांगते, आणि इंग्रजी महिन्याची वाट पाहणारा प्रोग्राम गडबडतो. दुसऱ्याचं उत्तर वाचायचं असेल तर त्याला भाषा ठरवणारं 'एलसी_ऑल' हे व्हेरिएबल ठरवून द्यावं. नुसतं 'सी' दिलं तर बऱ्याच ठिकाणी देवनागरी धड दिसत नाही; 'सी.यूटीएफ-८' द्यावं.