विश्लेषण : ३०० टन सोने जमिनीतच! रोमानियातील रोशिया मोंतानाची खाण का थांबली?

रोमानियातील अपुसेनी पर्वतरांगेत सुमारे ३०० टन सोने आणि १,६०० टन चांदी आजही जमिनीखाली आहे. ते काढण्यासाठी कॅनडातील कंपनी तयार होती, परवाना होता, गावातील बहुतेक घरे विकत घेऊन झाली होती. तरीही खाण झाली नाही. उलट २०२१ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि २०२४ मध्ये कंपनी नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय दावाही हरली. एका लहान गावाने एवढा मोठा प्रकल्प कसा अडवला आणि त्या बदल्यात गावाच्या वाट्याला काय आले?

रोशिया मोंताना नेमके कुठे?

ट्रान्सिल्व्हेनियातील आल्बा जिल्ह्यात. ड्रॅक्युलाच्या गोष्टींमुळे ट्रान्सिल्व्हेनियाचे नाव आपल्याकडे पोहोचले, पण रोमानियन माणसासाठी अपुसेनीचा हा भाग वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. १७८४ मध्ये होरिया, क्लोश्का आणि क्रिशान यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा उठाव झाला तो याच डोंगरांत. गावाभोवती गवताची कुरणे आणि धातुक दळणाऱ्या पाणचक्क्यांसाठी बांधलेले जुने तलाव आहेत. एकाच गावात ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, रोमन कॅथलिक, युनिटेरियन आणि कॅल्विनिस्ट अशा पाच पंथांची चर्च आहेत. सोन्यामागे निरनिराळ्या काळात निरनिराळे लोक आले आणि इथेच राहिले, त्याची ही खूण.

यातले पहिले मोठे स्थलांतर रोमन काळातले. सम्राट ट्राजनने इ.स. १०६ मध्ये डेशिया जिंकले आणि बाल्कनच्या किनाऱ्याकडील इलिरियन खाणकामगारांना इथे आणून वसवले. तेव्हा गावाचे नाव होते आल्बर्नस मायोर. पुढच्या सुमारे १६६ वर्षांत रोमनांनी इथून ५०० टनांच्या आसपास सोने काढले, असे युनेस्कोच्या नोंदीत म्हटले आहे. छिन्नी-हातोड्याने खोदलेले समलंब चौकोनी आकाराचे बोगदे, त्यांतील पाणी उपसण्यासाठी एकावर एक बसवलेली लाकडी चाके, असे बरेच काही डोंगराच्या पोटात शिल्लक आहे. रोमन काळातील भूमिगत सुवर्णखाणींचे इतके विस्तृत आणि तांत्रिकदृष्ट्या वैविध्यपूर्ण जाळे जगात दुसरीकडे माहीत नाही.

मेणाच्या पाट्यांवर काय आहे?

बोगद्यांइतकाच मोलाचा ऐवज म्हणजे १७८६ ते १८५५ या काळात खाणींत सापडलेल्या मेणाच्या पाट्या. लाकडी फळीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार लेखणीने कोरलेले हे दस्तऐवज आहेत. त्यांतील लिपी म्हणजे रोमनांची धावती लिपी. आपल्याकडे देवनागरीच्या जोडीला मोडी होती, तसा प्रकार. ही लिपी वाचायला अभ्यासक शिकले त्यात या पाट्यांचा मोठा वाटा आहे. सर्वांत जुनी पाटी ६ फेब्रुवारी १३१ची. गावाचा पहिला लेखी उल्लेख त्याच पाटीवर आहे.

या पाट्यांवर सम्राट किंवा विजय यांच्या कथा नाहीत. व्यवहार आहेत. इ.स. १३९ मधील एका पाटीवर पासिया नावाच्या साधारण सहा वर्षांच्या मुलीची गुलाम म्हणून २०५ दिनारांना विक्री झाल्याचे खत आहे. १६४ मधील एका करारानुसार मेमियस नावाचा मजूर मे ते नोव्हेंबर खाणीत राबण्यासाठी ७० दिनार घेणार होता. त्याला लिहिता येत नसल्याने करार दुसऱ्याने लिहिला. त्यात अट अशी की खाणीत पाणी शिरून काम बंद पडले तर तेवढी मजुरी कापली जाईल. कंत्राटी कामगाराच्या करारातील बारीक अक्षरे तेव्हाही अशीच होती.

१६७ मधील एक पाटी तर नोटीसच आहे. सभासदांच्या वर्गणीतून त्यांचे अंत्यसंस्कार करणारी एक मंडळी गावात होती. ५४ सभासदांपैकी १७च उरले, वर्गणी येत नाही, पेटीत पैसे नाहीत. तेव्हा यापुढे कोणी मंडळीकडून अंत्यविधीची अपेक्षा ठेवू नये, असे त्यात जाहीर केले आहे. त्याच सुमारास सरहद्दीवर युद्धे पेटली होती. लोक पांगले आणि जाताना त्यांनी पाट्या बोगद्यांत लपवल्या असाव्यात, असे मानले जाते.

कंपनीला काय करायचे होते?

जुने खाणकाम सोन्याच्या शिरेमागे जाणारे होते. शीर दिसेल तेवढाच बोगदा. आता उरलेले सोने मात्र खडकात सूक्ष्म कणांच्या रूपात विखुरलेले आहे. प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार एका टन धातुकात सोने साधारण दीड ग्रॅम. सराफाकडच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने एक तोळ्यासाठी किमान सात टन धातुक फोडून दळावे लागेल. ते मिळवण्यासाठी आधी बाजूला काढावा लागणारा निरुपयोगी दगड वेगळाच.

अशा वेळी बोगदा परवडत नाही, डोंगरच उचलावा लागतो. गॅब्रिएल रिसोर्सेस या कंपनीकडे प्रकल्पाची सुमारे ८० टक्के मालकी होती, उरलेली बहुतांश सरकारी कंपनीकडे. योजना चार उघड्या खाणींची होती. दळलेल्या धातुकावर सोडियम सायनाइडचे द्रावण सोडले की सोने त्यात विरघळते, मग ते सक्रिय कोळशावर पकडून वेगळे करतात. पद्धत जगभर वापरली जाते आणि ती चालते. प्रश्न उरलेल्या गाळाचा असतो. त्यासाठी शेजारच्या कोर्ना खोऱ्यात सुमारे १८५ मीटर उंचीचे धरण बांधून २० कोटी टनांहून अधिक गाळ साठवायचा होता. कोर्ना गाव त्याखाली गेले असते. सायनाइड लागणार होते वर्षाला सुमारे १२ हजार टन. गाळ तलावात सोडण्यापूर्वी सायनाइडचे प्रमाण युरोपीय मर्यादेखाली आणू, असे कंपनीचे म्हणणे होते.

लोकांना त्यावर विश्वास ठेवणे जड गेले, कारण उदाहरणे ताजी आणि जवळची होती. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियातच बाया मारे इथे सोन्याच्या प्रकल्पाचा गाळतलाव फुटला. सायनाइडयुक्त सुमारे एक लाख घनमीटर पाणी सोमेश नदीतून तिसा आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेले. हंगेरीत माशांचे प्रचंड नुकसान झाले. दुसरे उदाहरण तर डोंगरापलीकडचे. चाउशेस्कुच्या काळात १९७० च्या दशकाअखेर रोशिया पोयेनी तांबेखाणीचा गाळ साठवण्यासाठी जामना गाव रिकामे करण्यात आले. त्या रंगीबेरंगी, विषारी तळ्यातून गावच्या चर्चचा मनोरा वर डोकावतो, तो पाहायला आज पर्यटक येतात.

वारसा शोधला कोणी?

या प्रकरणातला सर्वांत विचित्र भाग हा. प्रकल्पापूर्वी पुरातत्त्वीय तपासणी करून ‘इथे आता जपण्यासारखे काही नाही’ असा दाखला मिळवणे कायद्याने गरजेचे होते. त्यासाठी कंपनीच्या पैशातून २००० नंतर काही वर्षे मोठे उत्खनन झाले. फ्रान्समधील तूलूझच्या संशोधकांनी बोगदे मोजले, नकाशे केले. दाखल्यासाठी केलेल्या या कामातूनच डोंगरात सुमारे सात किलोमीटरचे रोमन बोगदे असल्याचे जगाला नीट कळले. कर्निक डोंगरासाठी (नाव ऐकून मुंबईतल्या कुणाचे आडनाव आठवावे, पण उच्चार साधारण असाच) २००४ मध्ये दाखला मिळालाही. न्यायालयाने तो रद्द केला. नंतर पुन्हा दिला गेला, पुन्हा वाद झाला. शेजारच्या चेताते डोंगराचे नशीब तेवढे नव्हते. तिथली रोमन कामे साम्यवादी राजवटीच्या उघड्या खाणीने १९७० नंतरच बव्हंशी संपवली होती.

विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनी २००० मध्ये संघटना स्थापन केली आणि तिला नाव दिले आल्बर्नस मायोर.

२०१३ मध्ये काय झाले?

ऑगस्टच्या अखेरीस व्हिक्टर पोंटा सरकारने खास या प्रकल्पासाठी कायद्याचा मसुदा मंजूर केला. एका कंपनीसाठी वेगळा कायदा, हेच लोकांना खटकले. १ सप्टेंबरपासून बुखारेस्ट, क्लुज आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर आले. कंपनी कायदे बनवत नाही, अशा अर्थाची यमक जुळवलेली घोषणा गाजली. प्लास्टिकच्या बाटल्या रस्त्यावर आपटून आवाज केला जात असे. यात मोठ्या प्रमाणावर शहरी तरुण होते. दर रविवारी हे चालू राहिले. नोव्हेंबरमध्ये सिनेटने आणि जून २०१४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने मसुदा फेटाळला.

पण ‘गाव विरुद्ध कंपनी’ एवढे हे सरळ नव्हते. सरकारी खाण २००६ मध्ये बंद पडली तेव्हा परिसरातला पगारच बंद झाला. अनेक कुटुंबांना नव्या खाणीत नोकरी हवी होती. २०१३ मध्येच काही खाणकामगार बोगद्यात ठिय्या मांडून बसले होते, तेही प्रकल्पाच्या बाजूने. क्लुजच्या चौकातील विद्यार्थ्याला जो डोंगर वाचवायचा होता, तो या कामगारासाठी कामाची जागा होता. आंदोलनाच्या कौतुकात ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते.

युनेस्को आणि लवादाने काय ठरवले?

रोमानियाने २०१७ मध्ये युनेस्कोकडे प्रस्ताव पाठवला, २०१८ मध्ये पुढच्या सरकारने लवादाचा खटला चालू असल्याचे कारण देऊन तो थांबवून घेतला आणि २०२० मध्ये पुन्हा चालू केला. २७ जुलै २०२१ रोजी चीनमधील फुझोच्या ऑनलाइन अधिवेशनात नोंद झाली. त्याच दिवशी भारताचे धोलावीरा यादीत गेले. फरक असा की रोशिया मोंतानाचे नाव लगेच ‘धोक्यातील वारसा’ यादीतही घालण्यात आले. कारण खाणीचा परवाना तेव्हा जिवंत होता.

कंपनीने २०१५ मध्येच वॉशिंग्टनस्थित जागतिक बँक गटाच्या लवादाकडे धाव घेतली होती. दोन देशांतील गुंतवणूक करारांत परकीय गुंतवणूकदाराला अशी सोय असते. दाव्याची रक्कम ४४० कोटी डॉलर, म्हणजे अब्जावधी डॉलरची टांगती तलवार. ८ मार्च २०२४ रोजी लवादाने बहुमताने दावा फेटाळला आणि खटल्याचा खर्च रोमानियाला देण्यास कंपनीला सांगितले. निवाडा रद्द करावा म्हणून कंपनीने त्याच वर्षी अर्ज केला. १९९९ मध्ये दिलेला खाणपरवानाही २०२४ मध्ये संपला.

मग गावाचा प्रश्न सुटला?

कंपनीने घरे घेतली तेव्हा शेकडो कुटुंबे गेली. काही आल्बा यूलिया शहरातील रेचा या खास वसवलेल्या वस्तीत, काही आणखी दूर. रिकामी घरे पाडली गेली किंवा छपरे कोसळून पडली. शिवाय स्थानिक विकास आराखड्यात परिसर खाणीसाठीच राखल्याने दुसरा उद्योग उभा करणे वर्षानुवर्षे कठीण होते. वास्तुरचनाकारांच्या एका संस्थेने ‘घर दत्तक घ्या’ हा उपक्रम काढला. स्वयंसेवक उन्हाळ्यात येऊन जुन्या पद्धतीने भिंती आणि छपरे दुरुस्त करतात. पर्यटक येतात, खाण संग्रहालय आणि एक रोमन बोगदा पाहून जातात. पण संग्रहालयातील तिकीटविक्री खाणीएवढे रोजगार देत नाही.

आणि पाण्याचे काम बाकीच आहे. खडकातील पायराइट हवा आणि पाण्याच्या संपर्कात आले की आम्ल तयार होते. ते जड धातू विरघळवत बाहेर पडते. जुन्या बोगद्यांतून हे लालसर पाणी आजही रोशिया ओढ्यात उतरते आणि पुढे अब्रूद व आरिएश नद्यांना मिळते. नवी खाण दिल्यास हे पाणी स्वच्छ करून देऊ, असे आश्वासन कंपनीने दिले होते. आता तो खर्च आणि ती जबाबदारी रोमानियाच्या सरकारची आहे.