रीलमध्ये कापलं जाणारं शेवटचं कडवं: वामनदादा कर्डक आणि एकट्याने गाण्याचा हिशोब

एप्रिल लागला की ताडकळस असो की परभणी, मराठवाड्यातल्या गावागावांत भीमगीतं वाजायला लागतात. त्यातलं एखादं तुम्ही रीलला लावलंही असेल. पण ते लिहिलं कोणी? बऱ्याचदा उत्तर असतं, वामनदादा कर्डक.

दादांची गोष्ट समजायला आधी ब्लूज बघू. अमेरिकेतल्या मिसिसिपीकडे कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून ब्लूज आला. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. एक माणूस, एक गिटार आणि गावोगाव भटकंती. त्यातलं मोठं नाव रॉबर्ट जॉन्सन. १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून त्याने फक्त २९ गाणी रेकॉर्ड केली. १९३८ मध्ये, २७व्या वर्षी तो गेला. जगभर नाव झालं ते नंतर.

संगीत वेगळं, पण जगणं तेच. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नाही. मुंबईत मजुरी करताना कुणीतरी पत्र वाचून मागितलं आणि दादांना वाचता येईना. ते मनाला लागलं, म्हणून मोठेपणी अक्षरं गिरवली. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं.

तेव्हा आंबेडकरी विचार गावात पोचवायचा तर जलसा असायचा. भीमराव कर्डकांचा जलसा तर गाजलेला. पण जलसा म्हणजे अख्खा संच, ढोलकीवाला, गाणारे, सोंगं करणारे. दादांची ओळख झाली ती कवी-गायक म्हणून. लिहिणारे तेच, गाणारेही तेच. गावोगाव फिरून हजारो गाणी. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण तोवर गाणी कधीच लोकांची होऊन गेली होती.

हीच खरी अडचण. गाणं तोंडोतोंडी गेलं की लिहिणाऱ्याचं नाव गळतं. त्यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, नाममुद्रा. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगात शेवटी 'जनी' येते, तसा दादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. गाणारा कुणीही असो, नाव गाण्यातच शिवलेलं.

आता रील असते तीस सेकंदांची. शेवटचं कडवं येतच नाही. म्हणजे नेमका सहीचा भाग कापला जातो!

कायदा काय म्हणतो? भारतात गीतावरचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दादा १५ मे २००४ ला गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस ही अशी सोसायटी, १९६९ पासूनची. पण पैसे तिथे सदस्य झालेल्यांना आणि गाण्याची नोंद केलेल्यांनाच मिळतात.

त्यामुळे ताडकळसचा एखादा पोरगा उद्या ग्रुप सोडून एकटा गायला निघाला, तर स्टुडिओ बुक करण्याआधी त्याने दोन कामं करावीत. गाणं कुणी लिहिलं आणि चाल कुणाची, हे कागदावर सह्यांसकट घ्यावं. आणि अपलोड करताना गीतकाराची चौकट रिकामी सोडू नये. बहुतेक जण ती रिकामीच सोडतात.