मोटारगाडीतील उष्ण हवेच्या पंख्याचे विद्युन्मंडल

वर्षाकाळी घाट चढत असता मोटारीच्या पुढील काचेवर आतून बाष्प साचते. ते घालविण्यासाठी चालक पंखा सुरू करतो. पहिल्या तीन घरांवर पंखा स्तब्ध राहतो. चौथ्या घरावर मात्र पूर्ण वेगाने फिरतो. या विसंगत भासणाऱ्या वर्तनाचे कारण पंख्याच्या विद्युन्मंडलाच्या रचनेत सापडते.

अनेक गाड्यांत बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज व रिले यांतून पंख्याच्या मोटारीकडे जातो. तेथून तो रोधक व वेगाचा स्विच यांतून गाडीच्या सांगाड्यात उतरतो आणि ऋण टोकास परत येतो. कारागीर सांगाड्यास ‘अर्थ’ म्हणतात. हा शब्द मुळात पृथ्वीवाचक असला, तरी रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीत त्याचा जमिनीशी संबंध उरत नाही. परतीचा मार्ग एवढाच त्याचा आशय होय. हा सांधा गंजल्यास पंखा सर्वच घरांवर मंद फिरतो.

वेग कमी करण्याचे कार्य रोधकाचे. उदाहरणार्थ, 12 व्होल्टच्या मंडलात 1 ओहमच्या रोधकातून 6 अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर 6 व्होल्ट रोधकावरच खर्ची पडतात व मोटारीस उरलेले 6 मिळतात. रोधकात 36 वॅट उष्णता निर्माण होते. म्हणूनच त्यास वायुमार्गात बसवितात. पंख्याचाच वारा त्यास थंड ठेवतो. वारा कोंडला अथवा मोटार जड फिरू लागली, तर रोधक तापतो व त्यातील उष्णतारक्षक दुवा वितळतो. मंद वेगाची सर्व घरे बहुधा या दुव्यावर अवलंबून असल्याने ती एकदमच निकामी होतात. शेवटच्या घरावर प्रवाह रोधकास वगळून जातो. म्हणून ते तेवढे चालू राहते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. केवळ रोधक बदलणे म्हणजे परिणामावर उपाय करणे होय. मोटार किती प्रवाह घेते व वायुमार्ग मोकळा आहे की नाही, हे न तपासल्यास नवा रोधकही जळेल. फ्यूज वारंवार जात असल्यास त्याजागी अधिक अँपिअरचा फ्यूज वा तांब्याची तार घालणे तर सर्वथा वर्ज्य. कारण मग फ्यूजऐवजी तारांचे आवरण पेटू शकते.

स्वयंचलित तापमाननियंत्रण असलेल्या अलीकडील बहुतेक गाड्यांत रोधकाऐवजी ट्रान्झिस्टर वेग ठरवितो. तेथे उपरोक्त लक्षण लागू पडत नाही. परंतु जाण्याचा व परतीचा असे प्रवाहाचे दोन्ही मार्ग तपासावे, हा नियम तेथेही अबाधित राहतो.