गिरिस्थानी बारमाही वास्तव्य : महाबळेश्वर व पाचगणी

हदगावी वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी कायमचे जाऊन राहावे, असे अनेकांच्या मनात येते. परंतु त्या ठिकाणाची पारखही बहुधा वैशाखातच केली जाते, आणि येथेच चूक होते. डोंगरावर घर करू इच्छिणाऱ्याने ते स्थान आषाढात पाहिले पाहिजे.

महाबळेश्वर (उंची सुमारे १,३७२ मीटर) सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. अरबी समुद्रावरील वारे तेथे चढतात, थंडावतात आणि वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पाडतात. पूर्वी पावसाळ्याआधीच पाहुणे खाली उतरत. मागे राहणारे भिंतींना गवताचे तट्टे बांधीत. माथा ओलांडून वारे उतरू लागले की पर्जन्य झपाट्याने घटते. म्हणूनच पूर्वेस अवघ्या अठरा-एकोणीस किलोमीटरांवरील, उंचीने किंचितच कमी अशा पाचगणीस त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकाच पाऊस पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन याने पाचगणीची जोपासना केली ती बारमाही वस्तीच्याच हेतूने. पुढे तेथे निवासी शाळा निघाल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम स्थापिले. रुग्णास महिनोन्महिने राहावयाचे, विद्यार्थ्यास वर्षानुवर्षे. केवळ उन्हाळी गिरिस्थान दोघांच्याही कामाचे नव्हे.

हदगावास त्या मानाने जवळचे गिरिस्थान म्हणजे चिखलदरा. तेथील पाऊस महाबळेश्वराहून पुष्कळच बेताचा. सबब तेथे घर पाहणाऱ्याने आषाढाइतकीच चौकशी चैत्र-वैशाखातील पाण्याची करावी.