नकाशावरचं 'द्वीपकल्प' प्रत्यक्षात बेट निघालं: उत्तर ध्रुवाजवळच्या कोंग्सफ्योर्डची गोष्ट

वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, फोन फ्लाइट मोडवर. उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर असलेल्या नी-ओलेसुंड या गावात पाऊल ठेवल्यावर पहिला नियम हाच. इंटरनेट आहे, पण ते केबलने. कारण इथले मोठे अँटेना अंतराळातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात आणि त्यात एखाद्या फोनचाही अडथळा येऊ शकतो.

हिवाळ्यात या गावात जेमतेम ३० ते ४० माणसं राहतात. गावाबाहेर जायचं तर सोबत बंदूक लागते, कारण ध्रुवीय अस्वल कधीही समोर येऊ शकतं. आणि याच गावात भारताचंही एक संशोधन केंद्र आहे.

हे गाव ज्या समुद्राच्या काठावर वसलंय, तो म्हणजे कोंग्सफ्योर्ड. गेली शंभर वर्षं माणसं इथे काही ना काही शोधायला येतायत. पण सध्या जगाचं लक्ष आहे ते या पाण्यात होणाऱ्या बदलाकडे.

हा फ्योर्ड आहे कुठे?

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बरंच उत्तरेला स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या स्पिट्सबर्गेन या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, साधारण ७९ अंश उत्तर अक्षांशावर कोंग्सफ्योर्ड आहे. नावाचा अर्थ 'राजाचा फ्योर्ड'.

फ्योर्ड दिसायला आपल्या कोकणातल्या खाडीसारखा वाटेल, पण त्याचा जन्म वेगळा आहे. हजारो वर्षं हिमनद्या डोंगर खरवडत समुद्राकडे सरकतात. त्यातून खोल दरी तयार होते. बर्फ मागे हटला की त्या दरीत समुद्राचं पाणी शिरतं. त्यामुळे फ्योर्ड अरुंद असला तरी प्रचंड खोल असतो. कोंग्सफ्योर्डची लांबी २० ते २५ किलोमीटर आहे आणि काही ठिकाणी खोली ३५० मीटरपेक्षा जास्त.

त्याच्या आतल्या टोकाला आजही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यातली क्रोनेब्रेन ही स्वालबार्डमधल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक. तिच्यामागे तीन टोकदार शिखरं दिसतात. त्यांची नावं स्वेआ, नोरा आणि डाना, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क.

संगमरवर, कोळसा आणि उत्तर ध्रुव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्नेस्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज माणसाला फ्योर्डच्या उत्तरेकडच्या ब्लूमस्ट्रांड या भूभागावर संगमरवर सापडला. कंपनी उभी राहिली, यंत्रं आली, कामगारांसाठी वस्ती झाली. तिला नाव मिळालं 'न्यू लंडन'. पण बर्फाच्या गोठण्या-वितळण्याने हा दगड आतून भेगाळलेला होता. त्याचे तुकडे पडू लागले आणि धंदा बुडाला. गंजलेली यंत्रं आजही तिथेच पडून आहेत.

फ्योर्डच्या दक्षिण काठावर मात्र कोळसा मिळाला. १९१६ मध्ये किंग्स बे ही नॉर्वेजियन कंपनी स्थापन झाली आणि खाणीभोवती नी-ओलेसुंड गाव वसलं.

दहा वर्षांत हे गाव जगभर पोहोचलं. ११ मे १९२६ रोजी रोआल्ड अमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ आणि उंबेर्तो नोबिले यांनी 'नॉर्गे' या हवाई जहाजातून इथूनच उड्डाण केलं. दुसऱ्या दिवशी ते उत्तर ध्रुवावरून गेले आणि पुढे थेट अलास्काला उतरले. दोन वर्षांनी नोबिले 'इटालिया' हे दुसरं हवाई जहाज घेऊन आले. ध्रुवावरून परतताना ते बर्फावर कोसळलं. त्यांना शोधायला निघालेल्या अमुंडसेन यांचं विमान बेपत्ता झालं आणि ते कधीच परत आले नाहीत. हवाई जहाज बांधण्यासाठी उभारलेला मनोरा गावाजवळ आजही उभा आहे.

२१ मृत्यू आणि कोसळलेलं सरकार

नी-ओलेसुंडच्या खाणी धोकादायक होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे एकामागून एक स्फोट झाले. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगारांचा जीव गेला.

खाण सरकारी मालकीची होती, त्यामुळे प्रश्न थेट सरकारला विचारले गेले. सुरक्षेकडे दुर्लक्ष झाल्याच्या मुद्द्यावर ऑगस्ट १९६३ मध्ये नॉर्वेच्या संसदेत अविश्वास ठराव मंजूर झाला आणि पंतप्रधान आयनार गेरहार्डसेन यांचं सरकार पडलं. नवं सरकार महिनाभरच टिकलं आणि गेरहार्डसेन परत आले. खाण मात्र कायमची बंद झाली.

त्यानंतर गावात शास्त्रज्ञ येऊ लागले. विशेष म्हणजे एकेकाळी कोळसा काढणारी किंग्स बे हीच कंपनी आज संशोधकांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था बघते.

भारताचा संबंध काय?

९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला. त्यानुसार या बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं, पण करारात सामील देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्काने व्यवसाय करण्याची मुभा मिळाली. तेव्हा भारतावर ब्रिटिशांचं राज्य होतं आणि भारताच्या वतीनेही करारावर सही झाली.

भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये गेली. १ जुलै २००८ रोजी नी-ओलेसुंडमध्ये 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचं काम गोव्यातल्या वास्को इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था पाहते. आधी भारतीय संशोधक प्रामुख्याने उन्हाळ्यात जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली. तेव्हा इथे २४ तास अंधार असतो.

२०१४ मध्ये भारताने कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात 'इंडआर्क' ही यंत्रणा सोडली. तळाशी नांगरलेली एक दोरी आणि तिच्यावर वेगवेगळ्या खोलीवर बसवलेली उपकरणं, असं तिचं स्वरूप आहे. पाण्याचं तापमान, क्षारता आणि प्रवाह यांची नोंद ती करते. आर्क्टिकमधले बदल आणि भारतातला मान्सून यांच्यात काही नातं आहे का, हे समजून घेणं हा या संशोधनाचा एक उद्देश आहे.

पाण्यात नेमकं काय बदलतंय?

स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेकडून अटलांटिक महासागराचा तुलनेने उबदार प्रवाह उत्तरेकडे जातो. अनेक फ्योर्डच्या तोंडाशी समुद्रतळाचा उंचवटा असतो आणि तो बाहेरचं पाणी अडवतो. कोंग्सफ्योर्डच्या तोंडाशी असा ठळक उंबरठा नाही. त्यामुळे उबदार पाणी सहज आत शिरू शकतं.

पूर्वी दर हिवाळ्यात फ्योर्डचा आतला मोठा भाग गोठायचा. २००६ च्या हिवाळ्यापासून चित्र पालटलं आणि बहुतेक हिवाळ्यांत बर्फ फारच कमी धरू लागला. हवाही तापतेय. १९९३ पासून इथे सलग नोंदी ठेवल्या जातात. त्यातल्या पहिल्या दोन दशकांत हिवाळ्याचं तापमान दर दशकाला सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढल्याचं दिसलं.

याचा फटका प्राण्यांना बसतोय. रिंग्ड सील याच बर्फावरच्या हिमात बिळं करून पिल्लं घालतात. बर्फच नसेल तर पिल्लांना आसरा राहत नाही. सीलची शिकार अवघड झाली की ध्रुवीय अस्वलं पक्ष्यांची घरटी शोधत किनाऱ्यावर फिरतात आणि अंडी खातात. दुसरीकडे अटलांटिकमधले कॉड मासे आता फ्योर्डमध्ये दिसू लागलेत.

आणि ते 'द्वीपकल्प'?

मॅन्सफिल्डला संगमरवर सापडलेला ब्लूमस्ट्रांडचा भूभाग जुन्या नकाशांवर द्वीपकल्प म्हणून दाखवलेला होता. त्याच्या नॉर्वेजियन नावातही 'द्वीपकल्प' हा शब्द आहे. एका हिमनदीने तो मुख्य भूमीला जोडलेला होता. हिमनदी मागे हटत गेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं, की खाली जमीन नव्हतीच. मधे समुद्र होता, फक्त बर्फाखाली झाकलेला.

आज तिथून बोटी जातात. नकाशावर आता बेट दाखवलं जातं, पण नाव बदललेलं नाही. त्या बेटाला लोक अजूनही द्वीपकल्पच म्हणतात.