थकलेला वीर बरा कसा होतो?

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावाला गेले होते. तिथे माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, मला मोबाईलवर एक खेळ शिकवला. त्याचे नाव ड्रॅगन क्वेस्ट. हा खेळ जपानमध्ये १९८६ साली निघाला. तो युजी होरी यांनी रचला आणि त्यातल्या राक्षसांची चित्रे अकिरा तोरियामा यांनी काढली. तेव्हा तो टीव्हीला जोडून खेळायचे. तुम्ही म्हणाल, खेळावर काय लेख लिहायचा? पण त्यातला वीर थकतो कसा आणि बरा होतो कसा, हे लय गमतीचे आहे. तेच मी सांगणार आहे.

एका दुष्ट ड्रॅगनराजाने प्रकाशाचा गोळा पळवून नेलेला असतो. तो परत आणायला राजा आपल्या वीराला पाठवतो. सुरुवातीला १२० सोन्याची नाणी मिळतात. वीर एकटाच असतो. सोबतीला कोणी नाही.

पडद्यावर दोन आकडे असतात. एक एच.पी., म्हणजे अंगातली ताकद. दुसरा एम.पी., म्हणजे मंत्राची ताकद. राक्षसाने मारले की एच.पी. कमी होतो. मंत्र म्हटला की एम.पी. कमी होतो. विषारी दलदलीतून चालले तर पावलापावलाला एच.पी. जातो. एच.पी. शून्य झाला की वीर पडला!

आता बरे होण्याचे उपाय सांगते.

पहिला उपाय म्हणजे झोप. प्रत्येक गावात नाही, पण बऱ्याच गावांत मुक्कामाची जागा असते. मी तिला धर्मशाळा म्हणाले तर दादा हसला. कारण तिथे पैसे घेतात. मूळ खेळात पहिल्या गावात ६ नाणी लागतात, आणि लांबच्या कँटलिन गावात १००. पैसे दिले की वीर झोपतो, छोटीशी धून वाजते आणि सकाळ होते. दोन्ही आकडे पुन्हा भरलेले! पण खिशात पैसे नसतील तर मालक झोपू देत नाही. रानात, गुहेत तर झोपताच येत नाही.

दुसरा उपाय जडीबुटीचा. ती दुकानात विकत मिळते. ती खाल्ली की थोडा एच.पी. वाढतो. तिसरा उपाय मंत्राचा. वीर तिसऱ्या पातळीला पोचला की त्याला हील नावाचा मंत्र येतो. पण मंत्राला एम.पी. लागतो. म्हणजे एका मडक्यातले पाणी दुसऱ्यात ओतल्यासारखेच झाले. चौथा उपाय म्हणजे राजवाड्यातले एक आजोबा. ते एम.पी. भरून देतात आणि एक पैसा घेत नाहीत. मला ते फार आवडले. शेवटी शेवटी एर्ड्रिकचे चिलखत मिळते. ते घातले की चालता चालता ताकद भरते. पण ते मिळेपर्यंत फार कष्ट आहेत.

आता माझी फजिती ऐका. मी राक्षस मारत मारत पुलाच्या पलीकडे गेले. पूल ओलांडला की राक्षस जबर होतात. दादा म्हणाला, “माघारी फिर.” मी म्हणाले, “अजून एकच मारते, मग फिरते.” पण माघारी येतानाही राक्षस भेटतातच की! वाटेतच माझा वीर पडला. राजाने त्याला उठवले, पण अर्धी नाणी गेली. मला रडूच आले. दादा म्हणाला, “जाताना परतीची ताकद धरून ठेवायची. निम्मी संपली की फिरायचे.” तेव्हापासून मी तसेच करते.

घरी आल्यावर एक गोष्ट घडली. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कांद्याच्या लागणीला रोजाने जाते. तिला ताप आला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस घरी थांबा. पण आई दोनच दिवस थांबली. ती म्हणाली, “बाळा, घरी बसले की रोज बुडतो.” मला खेळातला धर्मशाळेचा मालक आठवला. विश्रांतीलाही पैसे लागतात. तिसऱ्या दिवशी आई कामाला गेली आणि संध्याकाळी ताप पुन्हा आला. मग आठ दिवस अंथरुणावर. दोन दिवसांचा रोज वाचवायला गेली आणि आठ दिवसांचा गेला. माझी अर्धी नाणी गेली तसेच झाले.

खेळात एका रात्रीत सगळे बरे होते. खरे माणूस तसे होत नाही. त्याला औषध लागते, जेवण लागते, दिवस लागतात. आणि घरातल्यांची मदत लागते. वीर एकटा असतो, पण आई एकटी नाही. त्या आठ दिवसांत मी पाणी भरले, भांडी घासली. बाबांनी भाकरी केल्या. त्या जाड झाल्या, पण आम्ही खाल्ल्या.

म्हणून मला वाटते, विश्रांती म्हणजे आळस नाही. ते पण एक कामच आहे. आज पालकांना शाळेत बोलावले आहे. आई आली तर मी तिला हा लेख वाचून दाखवणार आहे.

— इयत्ता ४ थी